रेशमाचा वास

राजूरमध्ये कोळशाला तोटा नाही. रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या चाकांत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शिवणीत, सगळीकडे तो असतो. तरी सत्यभामाबाईंना आपल्या इस्त्रीसाठी कोळसा बाहेरून आणवावा लागतो. खाणीतला कोळसा इस्त्रीत घातला की धूर सुटतो, आणि तो वास कपड्यात बसला तर दोनदा धुऊनही जात नाही. त्यांना लाकडाचा कोळसा लागतो, हलका, एकमेकांवर आपटला की किणकिणणारा. पांढरकवड्याकडून येणारा एक टेम्पोवाला पोत्यात भरून आणून देतो. "कोळशाच्या गावात कोळसा इकत घेणारी मी एकटीच," असं त्या म्हणतात, आणि पोत्यात हात घालून त्यातली माती झटकायला लागतात.

घरापुढे टिनाची पडवी आहे. तिच्यात एक लांब टेबल, टेबलावर जुनी घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर. उजव्या हाताला पाण्याचं जर्मनचं भांडं. मुलगा राजदीप शाळेत जायला लागला तेव्हापासून सत्यभामाबाई या टेबलामागे उभ्या आहेत. खाणीतल्या साहेबांचे सदरे, शाळेचे गणवेश, वर्षावासात विहारात जाणाऱ्या बायकांच्या पांढऱ्या साड्या, आणि भादव्यात महालक्ष्म्या बसवणाऱ्या घरांच्या रेशमी साड्या, सगळं याच टेबलावरून जातं. राजदीपने पहिल्या पगारात आईला विजेची इस्त्री आणून दिली होती. ती खोक्यासकट फळीवर आहे. "तिचं वजन हाताले समजत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कपडा जळायच्या आधी त्यांना वास येतो. सुती कपड्याचा वास तापल्या कागदासारखा, टेरिकॉटचा गोडसर, चिकट. रेशीम त्यांच्या हातून एकदाच जळलं होतं, फार वर्षांपूर्वी, एका साडीच्या काठाला बोटभर. त्या बाईच्या दारात ती साडी घेऊन उभं राहणं त्या विसरल्या नाहीत आणि तो वासही नाही. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. दुसऱ्या कुणालाही तो वास आला तर आधी केस आठवतील. सत्यभामाबाईंना रेशीम आठवतं.

त्यांचे स्वतःचे केस कसे आहेत हे गल्लीत कुणी सांगू शकलं नसतं. भरपूर तेल, मानेवर घट्ट अंबाडा, आणि त्यावरून पदर. पडवीतल्या उकाड्यातही पदर ढळत नाही.

राजदीपचं लग्न वैशाखात झालं. सून पांढरकवड्याची, उर्वशी. मुलगी पाहायला गेले तेव्हा राजदीप, त्याचे आईबाबा आणि मामा, असे चौघं होते. उर्वशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. खांद्यावरून पुढे आलेले लांब, सरळ, चमकणारे केस. राजदीप तासभर तिथे बसला आणि त्या तासाभरात एकच वाक्य बोलला, "केस चांगले हायेत." घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "सून पाहून आलो व. रेशमावाणी केस हायेत पोरीचे."

हे दोन्ही उर्वशीच्या कानावर आलं, आणि तिथून तिची झोप उडाली.

कारण ते केस तिचे नव्हते. म्हणजे तिचेच होते, पण तसे नव्हते. तिचे खरे केस जाड, राठ, कुरळ्यापेक्षाही विस्कटलेले. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरी तिच्या वेणीत पेन्सिली खोचून ठेवत आणि घरी जाईपर्यंत तिला कळत नसे. पाहुणे येणार त्या सकाळी तिच्या मावसबहिणीने, दीपमालाने, ते स्ट्रेटनरने सरळ करून दिले होते. दीपमाला पांढरकवड्याला घरच्या घरीच पार्लर चालवते. लग्नात तिने उर्वशीला ती मशीनच दिली, टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि कानात सांगितलं, "धुतले की आधी पुरे वाळव. सिरम लाव. बारीक बारीक बट घे. अन् पाण्यापासून सांभाळ. थेंब पडला का संपलं."

राजदीप चंद्रपूरला एका कारखान्यात फिटर आहे. शनिवारी संध्याकाळच्या बसने येतो, सोमवारी पहाटे जातो. उर्वशीने त्यात आपलं गणित बसवलं. आठवडाभर वेणी आणि ओढणी. शनिवारी दुपारी केस धुवायचे, खोलीचं दार लावायचं, आणि तो येईपर्यंत सगळे सरळ करायचे. रविवारी स्वयंपाकाच्या वाफेपासून लांब राहायचं. सासू पडवीत म्हणायची, "जरा बाहीर येऊन बस व पोरी, बोल काही." ती दाराआडून म्हणायची, "आलीच आई," आणि यायची नाही.

सत्यभामाबाईंना ते बंद दार लागत होतं. घरात मुलगी नव्हती. सून आल्यावर टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसेल, घड्या घालता घालता बोलेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. "शिकलेली हाय, तिले आपल्यात करमत नसंन," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. धर्मपाल खाणीतल्या पंपावरून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "चार महिने तं झाले. तू माह्याशी बोलाले दोन वर्सं लावले होते."

भादव्यातला तो शनिवार. हवेत दमट जडपणा होता, चादर हाताला ओलसर लागत होती. टेबलावर वच्छलाबाईंचं बोचकं सुटलेलं. वच्छलाबाईंकडे महालक्ष्म्या बसतात. देवींना नेसवायच्या दोन साड्या, एक हिरवी, एक जांभळी, आणि घरातल्या बायकांच्या आणखी काही. हिरवीची घडी झाली होती. सत्यभामाबाई चहाचं पाणी ठेवायला आत गेल्या, आणि मधल्या दारात थबकल्या.

वास आला होता. बारीक, कडू, तोच.

त्या पळतच बाहेर आल्या. इस्त्री आपल्या तिपाईवर शांत उभी होती. त्यांनी हिरवी साडी पुन्हा उलगडली, काठ बोटांत धरून शेवटपर्यंत नेला. मग बोचक्यातल्या बाकीच्या. सगळ्या धड. पण जांभळी दिसेना. खाली वाकून पाहिलं, पोत्यामागे पाहिलं. वास घरातून येत होता. उर्वशीच्या खोलीच्या दिशेने.

त्यांच्या मनात एका क्षणात सगळं जुळलं. पोरीने मदत करावी म्हणून, किंवा आरशात धरून पाहावी म्हणून, साडी आत नेली. विजेच्या इस्त्रीखाली धरली. आणि आता घाबरून दार लावून बसली.

त्याच वेळी आतला पंखा घरघरत थांबला. लाइन गेली.

सत्यभामाबाईंनी दारावर हळूच टकटक केली. "उर्वशी. उघड बरं."

आतून पलंग करकरला.

"मी रागावत नाही, बाई. माह्या हातूनबी झालतं एकडाव. पण लपवू नोको. काय जाळलं?"

आतून अगदी बारीक आवाज आला. "तुम्हाले कसं समजलं?"

"वासावरून. लय जळलं का?"

"नाही… टोकं. थोडीशी."

"टोकं म्हणजे पदर का? आन का काठ?"

"पदर काहून जळंन, आई?"

"मंग दाखव तं खरं!"

कडी निघाली. उर्वशी दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. उजव्या बाजूचे केस सरळ, गुळगुळीत, कमरेपर्यंत. डाव्या बाजूचे कानापासून चारी दिशांना उठलेले, जसं वादळात सापडलेलं झाड. दोन्ही बाजूंच्या मध्ये भांगाची एक रेघ. हातात बंद पडलेली मशीन.

सत्यभामाबाईंनी ते पाहिलं, तिच्या खांद्यावरून खोलीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं.

"साडी कुठी हाय?"

"कोणती साडी?"

"जांभळी! वच्छलाबाईची!"

"ती तर बाबा घेऊन गेले ना सकाळी? फॉल उसवला होता म्हणून तुम्हीच टेलरकडे पाठवली."

सत्यभामाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पदराने तोंड पुसलं. "खरंच की व," त्या म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदा नीट तिच्या डोक्याकडे पाहून, "आन हे काय?"

उर्वशीने सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नाही. पेन्सिली, दीपमाला, शनिवारची दुपार, बंद दार. "त्यांनी त्या दिवशी एकच गोष्ट चांगली म्हटली माझी, आई. अन् तीच माझी नाही."

पडवीतून धर्मपालांचा आवाज आला. ते टेलरकडून जांभळी साडी घेऊन परतले होते. "चौकातलं ट्रान्सफॉर्मर उडालं हो! लाइनमन म्हणते रात्रीशिवाय काही खरं नाही."

उर्वशीने हातातल्या मशीनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बस यायला वेळ होता, पण लाइन येण्याइतका नव्हता. ती रडली नाही. नुसती उभी राहिली. डाव्या बाजूचे केस तिने मुठीत आवळून धरले, जणू दाबून धरले तर लहान होतील.

सत्यभामाबाई उठल्या. "मशीन काय करते याले? सांग."

"गरम असते. दोन पट्ट्या. मधात केस धरायचे आणि ओढायचं."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "चाल मंग पडवीत. आपल्याले लाइन कायले लागते?"

त्यांनी इस्त्रीतले निखारे राखेतून वर काढले, त्यांत दोन नवे कोळसे घातले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. पडवीला रस्त्याच्या बाजूने साडीचा पडदा लावला. मोठी इस्त्री बाजूला ठेवून कॉलरची लहान इस्त्री घेतली. धर्मपालांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा शोधला. उर्वशीला खुर्चीवर बसवून तिचं डोकं आडवं टेबलावर ठेवायला लावलं, उजवा गाल चादरीवर, आणि डाव्या बाजूचे केस टेबलभर पसरले.

"डोळे मिट. हालू नोको. कानापाशी मी आणतच नाही."

इस्त्री त्यांनी आधी एका फडक्यावर फिरवली, मग स्वतःच्या मनगटाजवळ धरून पाहिली. एक बट घेतली, तिच्यावर धोतराचा तुकडा टाकला आणि वरून इस्त्री नेली, लहान बाळाच्या झबल्यावरून नेतात तशी. कापड उचललं. बट सरळ झाली होती.

"झाली?" उर्वशीने डोळे मिटूनच विचारलं.

"झाली व!" सत्यभामाबाईंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

घोंगडीला जुन्या कांजीचा आणि उन्हाचा वास होता. उर्वशीच्या कानाशी बांगड्या वाजत होत्या. लग्नानंतर कुणी तिच्या केसांना हात लावला नव्हता. तिने लावू दिला नव्हता. ही बोटं खरखरीत होती, पण गुंता लागला की ओढत नव्हती, थांबत होती, वळसा घेऊन मोकळा करत होती. जणू त्यांना अशा गुंत्याची वाट आधीपासून माहीत होती.

धर्मपाल पडद्याआडून डोकावले. "आता माणसाले इस्त्री करून राह्यली का?"

"तुमच्या तोंडावरूनबी फिरवतो, या इकडं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेवढ्या सुरकुत्या तरी जातीन."

"मंग चहा?"

"चूल काही लाइनवर चालत नाही. मांडा तुम्हीच."

उर्वशी टेबलावर डोकं ठेवूनच हसली. हसताना तिने डोळे उघडले आणि खालून तिला दिसलं की निखाऱ्यांच्या आचेने घामेजलेल्या सासूचा पदर खांद्यावर आला आहे. अंबाडा सुटायला आला होता. कानामागे, मानेवर, तेलाला न जुमानणाऱ्या बारीक बारीक कुरळ्या बटा उठल्या होत्या. करड्या, राठ, चारी दिशांना.

"आई," ती म्हणाली, "तुमचेपण?"

सत्यभामाबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "मले शाळेत झिपरी म्हणत," त्या म्हणाल्या. "माह्या मायनं लग्नात इतकं तेल थापलं, इतकं ओढून बांधलं का तीन दिवस डोकं दुखलं. तवापासून तसेच बांधतो. सवय झाली." मग त्या म्हणाल्या, "लहानपणी राजदीप झोपेच ना. माह्या केसात मूठ घातल्याशिवाय डोळाच लागे नाही त्याचा. आता इसरला असंन."

उर्वशीने पुन्हा डोळे मिटले.

शेवटच्या दोन बटा राहिल्या होत्या. सत्यभामाबाई मागे सरल्या, टेबलावर पसरलेल्या त्या काळ्याभोर सरळ केसांकडे समाधानाने पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा हात भांड्यात गेला. बोटं भिजली. मनगट फिरलं. सदरा असो की चादर, शेवटचा हात फिरवायच्या आधी त्या जसं शिंपडतात, तसं त्यांनी सगळीकडे छान सारखं पाणी शिंपडलं.

इस्त्री हवेत तशीच राहिली.

"अवं बाई," त्या म्हणाल्या.

उर्वशीने डोकं उचललं. तिच्या गालावर घोंगडीच्या विणीची नक्षी उठली होती. तिने हात केसांवर नेला. थेंब खाली झिरपत होते आणि जिथे जिथे झिरपत होते तिथले केस हळूहळू जागे होत होते, आधी टोकाला वळसा, मग मध्ये, मग मुळाशी. शिंतोडे उजव्या बाजूलाही गेले होते. इतक्या तासांच्या मेहनतीची ती बाजूही दमट हवेत फुलायला लागली.

"मी काय केलं हे," सत्यभामाबाईंचा चेहरा पडला होता. "आता काय करू? टॉवेल आण. वाळवून पुन्ना करू. कोळसा हाय अजून, घंटाभर टिकंन."

उर्वशी त्यांच्या ओल्या बोटांकडे पाहत होती. त्या बोटांतून अजून थेंब गळत होते. तिला आधी ओठ आवळावेसे वाटले, मग ते तिला जमलं नाही. ती खो खो हसत सुटली. इतक्या महिन्यांत त्या घरात तिचं असं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. सत्यभामाबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या, इस्त्री खाली ठेवून, पोट धरून.

हसू ओसरल्यावर सत्यभामाबाईंनी पुन्हा विचारलं, "करू ना?"

उर्वशीने पडद्याच्या फटीतून रस्त्याकडे पाहिलं. बसथांब्यावरून याच रस्त्याने यावं लागतं.

"तुम्हाले काय वाटते?"

"डोकं तुहं हाय, बाई. मी कोण सांगणारी? म्हणशीन तं करतो. हात दुखत नाही माहा."

उर्वशीने मान डावीकडे वाकवली, उजवीकडे वाकवली. "राहू द्या, आई," ती म्हणाली. "मान अवघडली."

तिने उठून पडदा काढला, त्याची घडी घातली, आणि खोलीत गेली नाही. खुर्ची टेबलाच्या पलीकडे ओढून बसली आणि बोचक्यातली एक साडी पुढे घेतली. "हिचे काठ कसे जुळवायचे?"

राजदीप आला तेव्हा जांभळी साडी टेबलावर होती आणि तिचं एक टोक सासूच्या हातात, एक सुनेच्या. खांद्यावर बॅग, हातात सफरचंदांची पिशवी. तो पायरीवर उभा राहिला. उर्वशीने वर पाहिलं नाही. तिने हातातलं टोक जरा जास्तच ओढलं, आणि दुसऱ्या बाजूला सत्यभामाबाईंना ते कळलं.

"हे काय झालं?" तो म्हणाला.

"कायले काय झालं?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"केसांले."

"असेच हायेत माझे," उर्वशी म्हणाली. साडीकडे पाहतच. "आधीपासून. तुम्ही पाहायला आले तेव्हा मशीननं सरळ केले होते. तुम्ही चांगले म्हटले, म्हणून मग दर शनिवारी करत होती."

राजदीपने बॅग खाली ठेवली. डोक्यामागे हात नेला. बोलायचं असलं की तो असंच करतो, आणि बहुधा मग बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"मामानं मले टेबलाखालून लाथ मारली होती," तो म्हणाला. "काही तरी बोल म्हणून. मी पोहे चांगले हायेत म्हणणार होतो, तं ते मामानंच म्हणून टाकलं. चहा बाबांनी चांगला म्हटला. मान वर कराची माही हिंमत नव्हती. समोर ट्रे होता आन ट्रेवर तुहे केस आलते. मंग म्हटलं केस चांगले हायेत." तो थांबला. "सरळ होते का कसे, देवा शप्पथ, मी पाहिलंच नाही."

आतून चहा घेऊन आलेले धर्मपाल म्हणाले, "चहा म्याच चांगला म्हटलता. फिक्का होता."

उर्वशीने तेव्हा वर पाहिलं. राजदीप अजून पायरीवरच होता, चुकून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. "आता पाहा मग," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. सफरचंदांची पिशवी हातातच धरून तो इतका वेळ पाहत राहिला की सत्यभामाबाईंना साडीचं आपलं टोक उचलून आत काहीतरी पाहायला जावं लागलं.

मशीन फेकून दिली नाही. दीपमालाच्या नणंदेच्या लग्नात उर्वशीने ती हौसेने वापरली आणि घरी आल्यावर केस धुऊन टाकले. खोलीचं दार मात्र शनिवारी दुपारी उघडं असायला लागलं, आणि टेबलाच्या पलीकडची खुर्ची तिथेच राहिली.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याच्या आदल्या दिवशी, विहारातल्या सगळ्या पांढऱ्या साड्यांच्या घड्या झाल्यावर, सत्यभामाबाई उर्वशीच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. न्हाल्या होत्या. डोक्याला टॉवेल होता.

"एक डाव माहे करून पाह्य," त्या म्हणाल्या. "नुसतं पाहाले. मंग धुऊन टाकीन."

उर्वशीने त्यांना आरशापुढे पाटावर बसवलं, केस पुरे वाळवले. बारीक बारीक बट घेतली. वेळ लागला; केस फार होते. वाकडेपणात दडलेली लांबी एकेका बटेतून बाहेर येत गेली, खांद्याखाली, पाठीवर, पाटाला टेकेपर्यंत. सत्यभामाबाईंनी हात मागे नेऊन टोक शोधलं आणि ते सापडायला त्यांना बराच खाली जावं लागलं.

"एवढे लांब हायेत?" त्या म्हणाल्या. "मले तं मालूमच नव्हतं."

धर्मपाल अंगणातून आत आले. दारात थांबले. आरशापुढे पाठमोरी बसलेली, पाठभर चंदेरी केस सोडलेली बाई त्यांनी पाहिली आणि मागे सरत अदबीने म्हणाले, "उर्वशी, पावण्या आल्या अन् सांगितलं नाही? चहा दिला का त्यांले?"

"तुम्हीच मांडा," पाहुणी न वळता म्हणाली. "आन या वक्ती फिक्का नोको."